एक तांब्या, दोन दंड

'धारोष्ण' या शब्दावर माझा फार जीव. त्यात नुसतं दूध नाही. गोठा आहे, पहाट आहे आणि आपण शहरातल्या पिशवीवाल्यांपेक्षा बरे आहोत ही खात्रीही आहे. बदलीवर धर्माबादला आल्यापासून मी रोज पहाटे गल्लीच्या टोकाला, मामांच्या गोठ्यावर तांब्या घेऊन हजर. म्हशीची धार थेट तांब्यात आणि तांब्या फेसासकट तोंडाला. मिशीवरचा फेस घरी येईपर्यंत पुसायचा नाही, हा माझा नियम. वाटेत दोन माणसांनी तरी तो पाहायला नको?

"उकळून प्या हो," बायको म्हणायची. मग मी तिला दूध उकळल्यानं काय काय मरतं याची यादी ऐकवायचो. त्या यादीत जंतू सोडून सगळं होतं. शिवाय माझा एक सिद्धांत होता. धर्माबादच्या मिरची बाजारात नुसतं उभं राहिलं तरी नाकाडोळ्यांना धारा लागतात. त्या मिरचीचा ठेचा जो रोज पचवतो, त्याचं दुधातला जंतू काय वाकडं करणार?

एका सकाळी मामा म्हणाले, "म्हैस रात्रीपासून वरडू लालीय. चारा गिळंना, लाळ गळतीय. घशात काही अडकलंय म्हणून कोपरापर्यंत हात घालून बघितला, काहीच नाही." दोन दिवसांत म्हैस गेली. मग कुणाला तरी आठवलं, महिन्यापूर्वी पिसाळलेलं कुत्रं याच गोठ्यात शिरलं होतं.

तासाभरात अख्खी गल्ली सरकारी दवाखान्यात. दूध पिणारे, चहा पिणारे, ताक नेणारे, आणि एकजण तर 'मी फक्त खरवस खाल्ला होता, तोही मागच्या वर्षी' म्हणणारा. पोटात चौदा सुया टोचतात, ही जुनी भीती रांगेत पुढून मागे फिरत होती. मी दोन बायका आणि एका म्हाताऱ्याला मागे टाकून पुढे सरकलो होतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. एकच प्रश्न विचारत होत्या, "उकळून प्यायलात ना?" सगळे "हो" म्हणत होते, आणि बाई त्यांना घरी पाठवत होत्या.

"कच्चं," मी म्हणालो.

"किती?"

"तांब्याभर."

"किती दिवस?"

"बदली झाल्यापासून."

"काय करता आपण?"

इथं मी आवाज खाली घेतला. "शाळेत विज्ञान शिकवतो." मागून माझ्याच वर्गातलं एक कार्टं ओरडलं, "सर, बहात्तर अंश, पंधरा सेकंद!" पाश्चरीकरण मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो, तेही रंगीत खडूनं.

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, रेबीजचा विषाणू मुख्यतः लाळेत असतो. दुधातून माणसाला रेबीज झाल्याची खात्रीची नोंद नाही, पण कच्चं दूध प्यायलात, तर जोखीम कशाला घ्यायची? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1996 आणि 1998 साली पिसाळलेल्या गाईंचं कच्चं दूध प्यायलेल्या 80 जणांचं प्रकरण झालं होतं. त्यांनाही लस टोचली. (म्हणजे तांब्यावाले तिकडेही आहेत, मला जरा बरं वाटलं.) "आणि रेबीज सोडा," बाई म्हणाल्या, "युरोपात बकरीच्या कच्च्या दुधातून मेंदूज्वराचा विषाणू माणसांत येतो. 2024 पासून अमेरिकेत गाईंच्या कच्च्या दुधात बर्ड फ्लूचा विषाणू सापडलाय. उकळलं की हे सगळे मरतात."

मग त्यांनी मान वर केली. "म्हशीच्या तोंडात हात कुणी घातला होता?"

रांग गप्प. खरा धोका त्या हाताला होता, आणि तो हात बाहेर लिंबाखाली बसला होता. बोटांवर दातांचे ओरखडे, त्यावर चिंधी. "आधी गिऱ्हाइकांचं होऊ द्या," असं म्हणून मामा सगळ्यांच्या शेवटी थांबले होते. बाईंनी त्यांना आधी आत घेतलं, नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं हात धुवायला लावला, जखमेत वेगळी सुई भरली, मग लस. मी, सर्वांत पुढे घुसलेला, त्यांच्या मागे.

पोटात काही टोचलं नाही. दोन्ही दंडांत एकेक बारीक सुई. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. शेवटच्या वेळी मामा आणि मी एकाच बाकावर बाह्या सरसावून बसलो होतो.

"गुरुजी, ही सुई काढली कुणी?"

"पाश्चर म्हणून एक फ्रेंच माणूस. 1885 साली कुत्र्यानं चावलेल्या एका पोराला पहिल्यांदा दिली."

"अन् ते दूध तापवायचं?"

"तेही त्याच्याच डोक्यातलं. आधी त्यानं वाइन तापवून बघितली. दुधाला ते नंतर लागू झालं."

मामा जरा वेळ गप्प राहिले. "म्हंजे दारूवाल्यांनी ऐकलं," ते म्हणाले, "अन् गुरुजींनी नाही."

मी निमूटपणे दुसरी बाही वर केली.