असईचा सूड

जून सरत आला की कर्जत-खालापुरात दोन पिकं एकदम वर येतात. राबात भाताची रोपं आणि फार्महाउसच्या पायरीवर गमबूट. भात बापडा एकाच रंगाचा. गमबूट मात्र पिवळे, पोपटी, गुलाबी, ठिपक्याठिपक्यांचे. शनिवारी सकाळी खालापूरचा टोलनाका ओलांडून ते गाडीच्या डिकीतून येतात. नाश्ता, तासभर आवणी, मग भाकरी आणि फोटो. रविवारी संध्याकाळी धुऊन-पुसून परत.

हसायचा हक्क मी मात्र गमावलाय. यंदा मीही पिवळाधमक जोड घेतला. खोटं कशाला बोलू, सुख आहे! शेणात बेधडक पाय टाकावा, वाटेतलं डबकं टाळण्याऐवजी शोधून काढावं, ‘चपाक् चपाक्’ करत पन्नाशी विसरावी. पहिल्या दिवशी म्हैस बिचकली, एवढंच. रोज सकाळी बूट उलटा करून झटकायचा. आतला बेडूक निघाला की पाय आपला.

याच तोऱ्यात मी आवणीच्या खाचरात उतरलो. चिखलणी करतात ती पाणी खाचरात टिकावं म्हणून. माती कालवून तिची खीर होते. त्या खिरीत माझा पाय वर आला, बूट खालीच राहिला. आवणी करणाऱ्या आजी कंबर सरळ करत म्हणाल्या, ‘‘दादा, रोपं लाव. बुटं नाय रुजायची!’’

या बुटाला विलायतेत वेलिंग्टन म्हणतात. म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्यानं २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंद्यांसह मराठी फौजांचा पराभव केला. पुढे तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि त्याच्या कातडी बुटांची फॅशन आली. १८५३ मध्ये हायरम हचिन्सन या अमेरिकनानं फ्रान्समध्ये कारखाना काढून रबरी पादत्राणं करायला घेतली, आणि ड्यूकचा बूट रबराचा झाला. असईला दोनशेवर वर्षं झाली. शिंद्यांच्या तोफांना जे जमलं नाही, ते कर्जतच्या चिखलानं केलं. वेलिंग्टनला धरून ठेवलं.

आजींचे पाय मात्र अनवाणी. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, रात्री त्यावर मेंदीचा लेप. दर पावसाळ्यात सूचना येते, चिखलात गमबूट घाला. सूचना रास्तच आहे. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो येतो, आणि फुटलेली कातडी म्हणजे त्याला उघडं दार. पण ज्या चिखलात गमबुटाची खरी गरज, त्याच चिखलात तो चालत नाही.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी हा चिखलच टाळणारी वेगळी पद्धत काढली. चिखलणीच नको, आवणीही नको. गादीवाफ्यावर भोकं पाडून थेट भात टोकायचा. तिथं बूट सुखानं चालेल. पण सगळ्यांनी हेच आरंभलं, तर शनिवारच्या पाहुण्यांनी लावायचं काय आणि फोटो कशाचे काढायचे?

निदान गोठ्यात तरी आजींना बूट हवा, म्हणून बाजारात गेलो. ‘‘बायकांच्या मापाचा दाखवा.’’ दुकानदारानं पुरुषांचे काळे आठ-नऊ नंबर पुढे केले. ‘‘लहान द्या हो.’’ तर गुलाबी जोड आला. त्यावर बदकं. शाळकरी पोरांचा. जी बाई चार महिने चिखलात असते, तिच्या पायाचं माप बूटवाल्यांच्या वहीत नाही.

शेवटी माझाच पिवळा जोड दिला. आजींनी पुढे फडकं कोंबून तो घातला आणि लुगडं सावरत गोठा साफ केला. मग अंगणातल्या डबक्यातून गेल्या. परत वळल्या, पुन्हा त्याच डबक्यातून आल्या. कुणी बघत नाही ना, म्हणून मान वळवली, तर समोर मी.

क्षणभर ओशाळल्या. मग पायांकडे बघत म्हणाल्या, ‘‘गुलाबी नव्हता काय रे?’’