चंदेरी ऑइल पेंटास अनावृत पत्र

श्रीमान चंदेरी ऑइल पेंट,
मुक्काम: दिसेल त्या जुन्या फाटकावर, सोलापूर



जानेवारीतली गड्डा यात्रा जवळ आली की आपली स्वारी निघते. रेल्वे लाईन्स असो की सात रस्ता, काळ्या दगडात रोवलेला जुना गज दिसला रे दिसला की गेल्या वर्षीच्या थरावर यंदाचा थर चढवून आपण मोकळे! कठड्यावरच्या भाल्यांचे एव्हाना लाडू झाले आहेत. शोभा वाढली, नाही कशाला म्हणू? अप्पासाहेब वारदांच्या इंद्रभुवन या वास्तूची नक्षी बघायला लोक मान वर करतात. कुंपणाच्या बुंध्याकडे मान खाली घालून कोण बघतो? तिथेच तर आपले फावते.

सगळी भानगड त्या बुंध्याशी आहे. गज जिथे चिऱ्यात शिरतो तिथे फट पडते, पाणी मुरते आणि आपल्या चकचकीत अंगाखाली गंज निवांत वाढतो. त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते, आणि ती तो दगडाला विचारून घेत नाही. चिरा तडकला की आपले जिवलग सिमेंट धावून येते, फट लिंपते, आत कोंडलेल्या पाण्याची वाटही बुजवते.

दुरुस्तीच्या नावाने बिघाड करणारे आपले घराणे थोर आहे बरे. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये प्राचीन गवंड्यांनी लोखंडी पट्ट्या शिशात बसवल्या, त्या दोन हजारांवर वर्षे टिकल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी निकोलाओस बालानोस या अभियंत्याने शिसे वगळून नवे लोखंड घातले आणि संगमरवर फुटला. आता तिथे टायटॅनियम वापरतात.

आम्हाला टायटॅनियम नको. गज सोडवून गंज खरवडावा, कुजला असेल तेवढाच तुकडा नवा जोडावा. (ओतीव लोखंड असेल तर वेल्डिंगवाल्याला लांब ठेवावे, ते तडकते.) मग गज चिऱ्यातल्या खोबणीत परत उभा करून भोवती वितळलेले शिसे ओतावे. निवताना ते आकसते, म्हणून बोथट छिन्नीने ठोकून चेपावे. खोबण ओली असेल तर वाफ होऊन तेच शिसे कारागिराच्या तोंडावर उडते. तेव्हा मुहूर्त जानेवारीचा नव्हे, एप्रिल-मेचा. सोलापूरच्या उन्हालाही एकदाचे काही काम मिळेल. त्यानंतर रेड ऑक्साइड, आणि सर्वांत शेवटी आपण, तेही पातळ होऊन.

आपला,
एक करदाता

ता. क. यंदा आपण बिजागऱ्यांवरही बसलात. फाटक उघडत नाही, आणि उरलेले डबे आत आहेत.