जावईबापू बर्फात

त्सेरमाट, फेब्रुवारी

ती. सौ. आईस,


झुरिकच्या शाळांना फेब्रुवारीत सुट्टी मिळते तीच मुळी पोरांनी बर्फावर घसरावं म्हणून. सुट्टीनंतर चिनूच्या वर्गात एकच प्रश्न, यंदा कुठल्या डोंगरावर? "घरीच होतो, आईने पुरणपोळ्या केल्या" हे उत्तर तिथे चालत नाही. त्यात जावईबापूंना जाहिरात दिसली, अस्सल जुनं लाकडी शॅले. अस्सल आणि जुनं हे शब्द शेजारी दिसले की त्यांना खिशाचं भान राहत नाही.

त्सेरमाटमध्ये पेट्रोलच्या मोटारींना मज्जाव. मोटार खाली टेशला ठेवून आगगाडीने वर यायचं. बॅगा, स्की, हेल्मेटं आणि माझा प्रेशर कुकर असं बिऱ्हाड ओढत आणलं. कुकरवरून वाटभर टोमणे ऐकले. पण गाव १६२० मीटरवर. पाणी ९५ अंशांनाच उकळून मोकळं होतं आणि पातेल्यातली तूरडाळ तशीच टणक. टोमणे मारणारे आता वरणभात मागून घेतात.

घर मात्र बघण्यासारखं. लार्चचं लाकूड उन्हाने काळं पडलेलं, छपरावर दगडी फरशा. जुन्या वस्तीत खांबांवर उभी धान्याची कोठारं आहेत. खांब आणि कोठार यांच्यामध्ये जात्याच्या तळीसारखी गोल दगडी चकती. उंदीर खांब चढून येतो, चकतीच्या पोटाला डोकं लागतं, उलटं लटकून पुढे जाता येत नाही, मुकाट खाली उतरतो. बाबांना नक्की सांग. गुळाच्या ढेपेपायी त्यांनी पिंजरे आणले, बोका पाळला, पण हे नाही सुचलं.

दारं बुटकी, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. देवघरापुढे कधी मान न तुकवणारे जावईबापू इथे येता-जाता वाकतात. विसरले की चौकट आठवण करून देते. बैठकीत शंखजिऱ्याच्या जातीच्या दगडाची भलीमोठी शेगडी. लाकडं स्वयंपाकघरातून घालायची, बैठकीत धूर नाही, आणि रात्रीची आग विझली तरी सकाळी दगड कोमट. जाहिरातीतल्या फोटोत तिच्यावर वाइनचे पेले होते. सध्या आमचे मोजे आहेत.

आता स्कीइंग. स्कीइंग म्हणजे मुख्यतः कपडे घालणं. आतले, मधले, वरचे, मग बूट. बूट कसले, प्लास्टिकचे साचेच. घोट्याला हलायची मुभा नाही. चौथं बकल लागलं की ओवी म्हणते, "आई, शू." रोज. आणि आधी विचारलं की रोज "नाही आली."

मग डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या गाडीने पाच मिनिटांच्या आत सुनेगाला, २२८८ मीटरवर. समोर मॅटरहॉर्न. पोरांना पहिल्यांदा शिकवतात पिझ्झा: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, की लागला ब्रेक. ओवी दुपारपर्यंत पिझ्झा करत मजेत खाली यायला लागली. जावईबापूंनी यूट्यूबवर अभ्यास केला होता, तंत्र कळलंय म्हणाले. तंत्र कुंपणाच्या जाळीतून दोघांनी सोडवून काढलं. वर मलाच ऐकवतात, १८६५ साली मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा गेलेल्या सात जणांपैकी चौघे उतरतानाच दगावले, म्हणजे उतरणंच अवघड! हे बालवर्गाच्या उतारावर.

काल मालकीणबाईंनी राक्लेटला बोलावलं. चीजचं अर्धं चाक आगीसमोर धरायचं, वितळलेला थर उकडलेल्या बटाट्यावर खरवडून घ्यायचा, सोबत आंबवलेल्या काकड्या नि छोटे कांदे. चिनूने वरून तुझी लसणाची चटणी भुरभुरवली. बाई थबकल्या, चव घेतली, आणि डबी स्वतःकडे ओढली. मी पाण्याचा ग्लास उचलला तर म्हणाल्या, "यावर गार पाणी नको, पोटात गोळा होईल." थेट तुझा सूर गं! चहा प्यायला लावला.

तुझ्या जाड लोकरी मोज्यांचं सांगायचं राहिलं. स्कीच्या बुटात एकच पातळ मोजा घालायचा असतो, जाड मोज्याने पाय दबतो आणि उलट गार पडतो, असं शिक्षकाने बजावलं. म्हणून तुझे मोजे आम्ही घरातल्या लाकडी जमिनीवर वापरतो. मालकीणबाईंचा त्यांच्यावर डोळा आहे. त्यांच्यासाठी एक जोड विण, बुटाचा नंबर ४०, रंग कुठलाही. आणि चटणी या वेळी दुप्पट पाठव.

तुझी,
मनू