उंच कपाळाची जीप

वाशीमच्या नाक्यांवर एके काळी ज्या जीपगाड्या प्रवाशांची वाट पाहत उभ्या असत, त्यांचं कपाळ फार उंच होतं. दोन गोल दिवे खाली, आणि त्यांच्यावर बॉनेटची ती उभी भिंत. एखाद्या शास्त्रीबुवांनी उभा जन्म एकाच सूत्रावर चिंतन करावं आणि चिंतनाच्या रेट्यानं कपाळच वर सरकावं, तसा तो चेहरा. गाडी रिसोडला निघालेली असो की रामनवमीच्या यात्रेसाठी पोहरादेवीला, धुरळ्यातून आधी दिसायचं ते कपाळ. माणसं, बोचकी आणि टपावरच्या सायकली नंतर. ही उंची रुबाबासाठी ठेवलेली असावी असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात तिच्यात रुबाबाचा भाग शून्य होता. आतलं इंजिन मावेना, म्हणून छप्पर उचललेलं होतं, एवढीच त्या गांभीर्यामागची हकिकत.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन तसं बसकं होतं. हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी, अशा दोन्ही झडपा ब्लॉकच्या कुशीत, सिलिंडरच्या शेजारी बसत आणि वर नुसतं सपाट हेड. साठ अश्वशक्तीचा हा गडी युद्धभर निमूटपणे पळाला. मग विलीजच्या अभियंत्यांनी हवा घेणारी झडप कुशीतून काढून वर, हेडमध्ये नेली. इंजिनाला श्वास मोकळा झाला, ताकद सत्तरीच्या आसपास पोचली, नावही ‘हरिकेन’ असं वादळी ठेवलं गेलं. पण श्वास मोकळा झालेल्या माणसासारखं ते इंजिन ताठ उभं राहू लागलं आणि जुन्या बॉनेटला त्याचं डोकं टेकू लागलं. तेव्हा १९५३ साली आलेल्या सीजे-३बी या जीपमध्ये कंपनीनं सर्वांत सरळ, थोडा निलाजराच म्हणावा असा उपाय केला. समोरची जाळी उंच केली, बॉनेट वर उचललं आणि बाकीची गाडी बरीचशी होती तशीच राहू दिली. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ पर्यंत निघालं. आपल्याकडे महिंद्रानं त्याचा परवाना घेतलेला होता आणि तिकडे ते बंद पडल्यावरही इथे ते निघत राहिलं. एका इंजिनाची चार बोटं जास्तीची उंची अशी आपल्या डोळ्यांत मुरली, की पुढे कितीतरी वर्षं जीप म्हटलं की तेच कपाळ समोर यायचं.

त्या अभियंत्यांनी बॉनेट खालच्या बाजूनं मोजलं होतं. वरच्या बाजूनं ते वऱ्हाडानं मोजलं. आत जागा संपली की मागे, मागे संपली की टपावर, आणि तिथेही संपली की ‘बसा बावा बानेटवर’ अशी आज्ञा होई. तिथे बसलेला माणूस वाऱ्यानं थंड आणि बुडाखालून गरम अशा दुहेरी ऋतूत प्रवास करी. मालेगावहून निघालेले एक मामा असे बसलेले मला आठवतात. मांडीवर पिशवी, पिशवीत तुरीची डाळ, आणि चेहऱ्यावर हत्तीच्या अंबारीत बसल्याचा भाव. त्यांच्या खांद्यावरून वाकून ड्रायव्हर रस्ता शोधी आणि मामा अधूनमधून ‘डावीकडं खड्डा हाये, भाऊ’ असं सांगून आपलं भाडं थोडंसं फेडत. निवडणुकीत त्याच बॉनेटवर फुलांचे हार पडत, लग्नात नवरदेवाचे मित्र चढत, शेतात न्याहारी मांडली जाई. बॉनेटचा उपयोग इंजिन झाकण्यासाठीही होतो, ही माहिती आमच्याकडे गौण मानली जाई.

इंजिन बॉनेटखाली न मावण्याची ही अडचण जगात सर्वांत प्रेमानं कुरवाळली असेल ती अमेरिकेनं. तिकडे साठ-सत्तरच्या दशकांतल्या मस्तवाल मोटारी आज जुन्या झाल्या आहेत आणि त्यांचे मालकही. त्या गाड्यांच्या आठ सिलिंडरच्या इंजिनावर ते सुपरचार्जर बसवतात. इंजिन स्वतःच्या दमानं जेवढी हवा ओढतं, तिच्यावर समाधान न मानता पट्ट्यानं फिरणारा एक पंखा जास्तीची हवा आत कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, म्हणजे जास्त ताकद. या यंत्राचा एक प्रसिद्ध प्रकार रूट्स नावाच्या दोघा भावांचा. इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी त्यांची लोकरीची गिरणी होती आणि १८६० साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. त्यांना खरं तर गिरणीसाठी पाण्यावर चालणारं चक्र सुधारायचं होतं. यंत्र कोरडंच फिरवून पाहिलं तेव्हा त्यातून आलेल्या झोतानं कुणाची तरी टोपी उडाली, असं सांगतात. पाण्यासाठी जन्मलेलं यंत्र वाऱ्याच्या घरी नांदायला गेलं, भट्ट्या फुंकू लागलं, खाणींत हवा खेळवू लागलं. पुढे जनरल मोटर्सनं ते आपल्या डिझेल इंजिनांवर चढवलं, आणि ट्रक-बसच्या त्या इंजिनांवरून उतरवून शर्यतीच्या शौकिनांनी ते आपल्या मोटारींवर ठेवलं. ट्रकचं फुफ्फुस मोटारीच्या छातीत! मग बॉनेट कसं लागणार?

तेव्हा पंचायत बसते. कुणी म्हणतो, इंजिन खाली उतरवा. पण खाली चेंबर आहे आणि चेंबरच्या खाली रस्ता. कुणी म्हणतो, वरचा एअर क्लीनर चपटा लावा. पण नाक दाबून जास्त श्वास घे असं सांगण्यासारखंच ते. कुणी बॉनेटला फुगवटा काढतो. आणि ज्यांना लाज नसते ते सरळ भोक पाडतात. १९६९ च्या मस्टँग माक-१ मध्ये हवेचं तोंड इंजिनालाच जोडून बॉनेटच्या भोकातून वर काढलेलं मिळे. इंजिन हललं की तेही थरथरे, म्हणून त्याला ‘शेकर’ म्हणत. लोकांना ती थरथर इतकी आवडली, की ज्यांच्या बॉनेटखाली अडचण नव्हती त्यांनाही फुगवटा हवासा वाटू लागला आणि आत काहीच नसलेले पोकळ फुगवटे बाजारात आले. अडचणीचं असं भाग्य क्वचित उजळतं.

इंग्रजांनी हीच गोष्ट जरा शिष्टपणे केली. १९२९-३० च्या सुमाराच्या साडेचार लिटरच्या बेंटलीवर सुपरचार्जर बसवायचा होता. त्यांनी तो बॉनेटच्या वाटेलाच नेला नाही. रेडिएटरच्याही पुढे, उघड्यावर ठेवला. पाहुण्याला ओसरीवरच बसवलं आणि घरातला संकोच टाळला. खुद्द बेंटलीसाहेबांना हा प्रकार पसंत नव्हता, तरी त्यांच्या नावाची सर्वांत गाजलेली गाडी तीच ठरली. आणि अशा गाड्यांच्या वाटेला आपला मराठी माणूस गेला नव्हता असं नाही. माणिकबाग महालात राहणारे इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्युसेनबर्ग एसजे घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर दोन माणसांपुरतं लांबलचक शरीर चढवून घेतलं. एका रांगेत आठ सिलिंडर, सुपरचार्जरसह ३२० अश्वशक्तीचा कंपनीचा दावा. या एसजेमध्ये सुपरचार्जरनं इंजिनाच्या बाजूची जागा अशी व्यापली, की धूर नेणाऱ्या नळ्यांना आत थारा उरला नाही. मग त्या चकचकीत, सुरकुत्यांच्या, वाकणाऱ्या नळ्या बॉनेटच्या कुशीतून बाहेर काढल्या. काढल्या नाइलाजानं, पण इतक्या देखण्या दिसल्या, की सुपरचार्जर नसलेल्या ड्युसेनबर्गचे मालकही पैसे मोजून तशा नळ्या बसवून घेऊ लागले.

आपल्या देशातल्या मस्तवाल मोटारीची गोष्ट मात्र नेमकी उलटी. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ साली कॉन्टेसा आणली. व्हॉक्सहॉल व्हिक्टर या विलायती गाडीचं ते भारदस्त शरीर, लांबरुंद बॉनेट, दाराशी उभी राहिली तर शेजाऱ्यांनी आवाज खाली करून बोलावं अशी. आत मात्र सुरुवातीला अँबेसिडरचंच १,४८९ सीसीचं इंजिन होतं, पन्नासेक अश्वशक्तीचं. पुढे इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन येईपर्यंत ती गाडी पहिलवानाच्या अंगरख्यातल्या कीर्तनकारासारखी सावकाश, गोड आवाजात चालली. आमच्याकडच्या एका गॅरेजात कारंज्याच्या एका कापूस-व्यापाऱ्याची कॉन्टेसा दुरुस्तीला आली तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी बॉनेट उचललं, आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘शेठ, इथं एक खोली भाड्यानं देता येईन.’

हे मिस्त्री हयातभर जीपमध्येच रमले. पेट्रोल महागलं तशी जुन्या पेट्रोल जीपची इंजिनं काढून तिथे डिझेल बसवून घ्यायची लाट आली. डिझेलचं इंजिन वजनानं भारी, उंचीचा अंदाज नेमका नाही, आणि कागदावर काही लिहून ठेवण्याची मिस्त्रींना सवय नाही. ते इंजिन साखळदंडानं उतरवत, फाउंडेशनवर टेकवत आणि घरून आणलेल्या कणकेचे गोळे हेडवर, फिल्टरवर, नळीच्या वळणावर ठेवत. मग बॉनेट हलकेच खाली आणत, पुन्हा उघडत आणि चपटलेली कणीक काडीनं मोजत. जिथे ती कागदासारखी झाली तिथे अडचण. जिथे जाड राहिली तिथे सुख. अमेरिकेतले हौशी लोक याच कामाला मुलांच्या खेळण्यातली माती वापरतात. मिस्त्रींची कणीक नंतर गॅरेजच्या दारातल्या गाईच्या वाट्याला जाई, एवढाच दोन पद्धतींतला फरक.

मालकाला वाटे, झालं काम. कणीक बोटभर जाड आहे, झाका बॉनेट. मिस्त्री हसत. ‘थांबा भाऊ, हे झोपलेलं इंजिन मोजलं आपन. आता जागं झालं की पाह्यजा.’ ते किल्ली फिरवत, ॲक्सिलेटरला झटका देत आणि ते धूड फाउंडेशनच्या रबरावर असं कलंडे, की दोन गिऱ्हाइकं मागे सरत. बंद असताना बोटभर दूर असलेलं हेड चालू झाल्यावर पत्र्याला धडकू शकतं, हे त्या एका झटक्यात कळे. एक उतावळा मालक हातोडा मागू लागला, तेव्हा मिस्त्रींनी तो पाठीमागे लपवला. ‘लोखंडावर जबरी नाई करा लागत. थे ऐकते, पन मंग जन्मभर आवाज करते.’ मग बॉनेटच उचलून घ्यायचं ठरे आणि वेल्डिंगवाल्याला हाक जाई. इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तसं बजावतं, हेही ते प्रत्येकाला सांगत. ऐकणारे ऐकत, न ऐकणारे पासिंगच्या दिवशी परत येत.

माणसांचंही असंच असतं. आमच्या ओळखीचे मंगरूळपीरचे एक निवृत्त गुरुजी मुलाकडे पुण्याला राहायला गेले. मुलगा गुणी. त्यानं फ्लॅटचा नकाशा समोर ठेवून वडिलांची खोली, खाट, पुस्तकांचं कपाट सगळं इंचाइंचानं बसवलं होतं आणि सगळं बसतही होतं. पण गुरुजी पहाटे चारला उठून मोठ्यानं श्लोक म्हणत, खोकत, रेडिओ लावत आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला ‘कुठले तुम्ही?’ असं विचारत. नकाशात गुरुजी झोपलेले होते. महिनाभर घरातलं प्रत्येक दार जरा मोठ्यानं लागू लागलं. मग सुनेनं, कुणाशी न बोलता, बाल्कनीला काच लावून घेतली, तिथे एक आरामखुर्ची टाकली आणि सासऱ्यांना म्हणाली, ‘बाबा, पहाटेचं इथं म्हणत जा, मलाही ऐकू येतं आणि कुणाची झोपही मोडत नाही.’ त्या सुनेला जीपमधलं काही कळत नसेल. बॉनेट कुठे उचलायचं ते मात्र तिला कळलं होतं.

आता समृद्धी महामार्ग मालेगाव-कारंज्याजवळून जातो आणि त्यावरच्या गाड्यांची बॉनेटं गुळगुळीत, उतरती, आत काय आहे याचा थांग लागू न देणारी असतात. उंच कपाळाच्या जीप भंगारात गेल्या किंवा एखाद्या शेतात पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या आहेत. तरी मोजमाप करण्याची वेळ कुणाला चुकलेली नाही. घर घेताना, स्थळ पाहताना, म्हाताऱ्या आईला गावाहून आणताना आपण सारे काडी हातात घेऊन उभे असतोच. अशा वेळी मिस्त्रींचं ऐका. बंद इंजिन मोजू नका, चालू इंजिन मोजा. आणि तरीही लागत नसेल, तर हातोडा बाजूला ठेवून बॉनेट उचलून घ्या.