पोस्टकोड बदलला, रांग गेली

इंग्लंडात घर बदलताना काय काय बरोबर येतं, ते आधी सांगतो. गाडीच्या विम्यावरचा नो क्लेम बोनस येतो. पेन्शन येतं. जुन्या घराच्या विजेचं बिल मागोमाग येतंच. मूल व्हावं म्हणून सरकारी उपचारांच्या रांगेत काढलेला काळ मात्र येत नाही. तो जुन्या गावातच राहतो, आणि तिथेही तो आपल्या नावावर नसतो.

तुम्ही म्हणाल, एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा तर सगळ्या देशाची. बरोबर आहे. 5 जुलै 1948 पासून आहे आणि अपेंडिक्स दुखलं तर कॉर्नवॉलमध्ये काय नि न्यूकॅसलमध्ये काय, कापतात सारखंच. आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारांचं, तसं नाही. नाईस या राष्ट्रीय संस्थेची 2013 ची मार्गदर्शक सूचना अगदी स्पष्ट आहे: चाळिशीच्या आतली बाई दोन वर्षं प्रयत्न करूनही गरोदर राहिली नाही, तर तिला तीन पूर्ण फेऱ्या द्याव्यात, 40 ते 42 मध्ये, काही अटींवर, एक. पण ती पडली शिफारस. पैसे कुणाला द्यायचे हे स्थानिक मंडळं ठरवतात. 1 जुलै 2022 ला अशी 42 मंडळं अस्तित्वात आली, आणि आपण त्यांतल्या कुणाचे हे ठरतं आपलं नाव कुठल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नोंदलंय त्यावरून. बहुतेक ठिकाणी एकच फेरी. वयाची मर्यादा काही ठिकाणी पस्तिशीवरच आणून ठेवलेली. जोडीदाराला आधीच्या लग्नाचं मूल असेल, तर पुष्कळ मंडळं दोघांनाही दारातूनच परत पाठवतात. स्कॉटलंडमध्ये पात्र जोडप्यांना तीन फेऱ्या मिळतात. म्हणजे आजार एकच, आणि मूल होण्याची संधी पोस्टकोडवर.

आमची फाईल जुन्या गावात पूर्ण झाली होती. प्रयत्नांचा काळ नोंदवून झाला, हिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत ते बघून झालं. वजन-उंचीचं प्रमाण अटीत बसवण्यासाठी हिने महिनोन्‌महिने भात सोडला. मग क्लिनिकच्या यादीत नाव लागलं. त्याच सुमारास माझ्या कंपनीने ऑफिस उत्तरेकडे हलवलं, आणि आम्हीही हललो. थायरॉइडच्या गोळ्या संपत आल्या म्हणून हिने नव्या जीपीकडे नाव नोंदवलं. त्या एका फॉर्मने आम्ही जुन्या मंडळाच्या हिशेबातून बाहेर पडलो. फॉर्म भरताना कुणी बोललं नाही. नंतर पत्र आलं: आपण आता आमच्या कार्यक्षेत्रात नाही, सबब आपलं नाव यादीतून कमी करण्यात येत आहे.

नव्या जीपीच्या काउंटरवरच्या बाई सभ्य होत्या. जुने कागद आलेले नाहीत, म्हणाल्या. पुढच्या खेपेला कागद आले होते, पण हॉस्पिटलची पत्रं त्यांत नव्हती. ती आमच्याकडे घरी होती, मी प्रती काढून नेल्या. त्या चालेनात, पाठवणाऱ्याकडून थेट यायला हव्यात. पाठवणारे म्हणाले, तुमच्या नव्या जीपीने मागवल्या की पाठवू. नव्या जीपीने मागवल्याचं त्यांच्या संगणकात दिसत होतं, यांच्या संगणकात ते पोहोचलेलं नव्हतं. मधल्या काळात रक्ताच्या तपासण्यांची मुदत उलटली.

म्हणून सगळं पहिल्यापासून. माझा वीर्याचा नमुनासुद्धा. तो तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायचा आणि गार होऊ द्यायचा नाही, अशी सूचना असते. जुन्या गावात हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर होतं. इथे बस. प्रयोगशाळा नमुने घेते ठरावीक सकाळीच. डबी शर्टाच्या आत, अंगाला लावून, वरून कोट घट्ट बंद करून मी खिडकीशी बसलो, आणि शेजारच्या आजोबांनी हवापाण्याच्या गप्पा काढल्या. त्यांना उत्तरं देताना माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या माणसाने डबी घेतली, लेबल वाचलं, आणि फॉर्म जुन्या हॉस्पिटलचा आहे म्हणून परत दिली. तुम्हीच सांगा, पेशींना कसं कळणार फॉर्म कुठला आहे ते?

तरी आम्ही नशीबवान, कारण आम्हाला कायम वास्तव्याचा परवाना आहे. नोकरीच्या व्हिसावर पुण्या-नाशकाहून आलेली कितीतरी जोडपी आम्हाला गणपतीत भेटतात. व्हिसासोबत ती आरोग्य अधिभार भरतात, 2024 पासून मोठ्या माणसामागे वर्षाला 1,035 पौंड. पण 21 ऑगस्ट 2017 पासून इंग्लंडमध्ये त्या पैशात वंध्यत्वाचे हे उपचार येत नाहीत. बाळंतपण येतं, तिथवर पोहोचवणारी वाट येत नाही. ही पोरं सुट्टी जमवून पुण्याला जाऊन उपचार घेतात आणि याबद्दल कुणाशी बोलत नाहीत.

जगातलं पहिलं आयव्हीएफ बाळ, लुईस ब्राऊन, 25 जुलै 1978 ला याच देशात जन्मलं. आईवडील ब्रिस्टलचे, बाळंतपण झालं दूर ओल्डहॅमला. त्या बाईला तो उपचार करणाऱ्या डॉक्टर स्टेप्टो आणि शास्त्रज्ञ एडवर्ड्स यांनी तुमचा जीपी कुठला म्हणून परत पाठवलं असतं, तर एडवर्ड्स यांना 2010 मध्ये मिळालेल्या नोबेलचं काय झालं असतं कुणास ठाऊक. आज इथला कायदा, दर दहा वर्षांनी संमती नव्याने दिली तर, गोठवलेला भ्रूण 55 वर्षं ठेवू देतो. एवढी मुदत भ्रूणाला मिळते, मग दोन वर्षांच्या प्रतीक्षेची नोंद एका मंडळाकडून दुसऱ्याकडे का जाऊ नये?

माझी मागणी तेवढीच आहे. ज्या दिवशी पहिल्या जीपीने पहिलं पत्र लिहिलं, तो दिवस धरा. रांग त्या तारखेपासून मोजा, गाव कुठलंही असो. हिला चाळीस पूर्ण व्हायला आता फार अवकाश नाही. नाईसची सूचना सांगते की फेरी चालू असताना चाळिशी आली तर ती फेरी पुरी करावी, पुढची देऊ नये. रांगेत असताना चाळिशी आली, तर त्याबद्दल आमच्या नव्या मंडळाच्या धोरणात एक ओळ नाही.

मी रीतसर तक्रार केली. नव्या मंडळाने कळवलं की विलंब जुन्या मंडळाच्या कार्यक्षेत्रात झाला असल्याने तक्रार तिकडे करावी. जुन्या मंडळाने कळवलं की तक्रारदार आता तिथले रुग्ण नाहीत. दोन्ही पत्रं जोडून मी आमच्या खासदाराच्या कार्यालयात दिली. तिथल्या मुलीने ती नीट वाचली, आणि विचारलं की या मतदारसंघात आपलं नाव लागलंय ना.