येईन ना, बाप्पा!

बागवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माणसांना नावं नसतात, झाडं असतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या ग्रुपवर वणीच्या जास्वंदकाकू आहेत, वाघापूरच्या लिंबूवहिनी आहेत, दारव्ह्याचा गुलाबवाला पोरगा आहे. पुसदचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे त्यांच्या वाट्याला एक झाड येऊन भागलं नसतं, म्हणून ते नुसतेच ‘सर’. एका काकांना मात्र झाड चिकटलंच नाही. त्यांना वाक्य चिकटलं.

‘येईन ना, बाप्पा!’

कोणाचा मोगरा वाळो, कोणाच्या मिरचीची पानं आकसोत, कोणाची शेवंती मुळासकट आडवी होवो, फोटो पडल्यावर दोन मिनिटांत काकांचा निकाल लागलेला असतो. पुढे हिरव्या पानाची दोन चित्रं. आमच्याकडचं ‘येईन’ म्हणजे ‘येईल’. झाड आधी मरतं की काकांचा दिलासा आधी येतो, असा प्रश्न पडावा इतकी त्यांची हजेरी चोख. जिल्हा परिषदेत तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस इतक्या तातडीने उत्तर देतो, याचंच ग्रुपवर पहिल्यांदा कौतुक झालं होतं.

काकांची स्वतःची बाग यवतमाळात, घराच्या गच्चीवर आहे. विकत आणलेली कुंडी तिथे औषधाला सापडणार नाही. रंगाचे डबे, गळका माठ, कान तुटलेली बादली आणि मधोमध बुडाला गंज चढलेला एक भलामोठा कूलर. आमच्याकडे कूलर निवृत्त होत नाही, त्याची बदली होते. आधी बैठकीतून माजघरात, मग माजघरातून गच्चीवर. काकांच्या त्या कूलरच्या टाकीत कढीपत्ता लावलेला आहे आणि तो पुरुषभर वाढला आहे. सरांनी एकदा विचारलं, ‘खत काय देता?’ काका म्हणाले, ‘काई नाई सर. कूलरच्या जुन्या ताट्यांचा भुसा पडून हाये खाली. आन् रोज सकायी त्याच्याशी बोलतो.’ सरांनी यावर पाच ओळींचं उत्तर लिहिलं. झाडाला ऐकू येतं असा निर्णायक पुरावा नाही, असा त्याचा मथितार्थ होता. काकांनी खाली लिहिलं, ‘आमच्या सायबालेबी ऐकू येत नव्हतं. पन बोलाव तर लागे.’

काका आणि सर यांची जुगलबंदी हा ग्रुपचा खरा मेवा. लिंबूवहिनींच्या लिंबाची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या. सरांनी फोटो मोठा करून पाहिला आणि निदान दिलं. काळी चुनखडीची माती, सामू आठच्या वर, मातीत लोह आहे पण मुळांना ते उचलता येत नाही, यालाच शेतकरी केवडा म्हणतात, चिलेटेड लोह फवारा आणि कुंडीत शेणखत व पालापाचोळ्याचं खत वाढवा. सरांचं निदान सोळा आणे खरं होतं. वहिनींनी मात्र ते वाचून विचारलं, ‘म्हणजे मरते का हो सर हे?’ सर लिहू लागले. ‘टायपिंग…’ असं बराच वेळ दिसत राहिलं. तेवढ्यात काका येऊन गेले, ‘येईन ना, बाप्पा! सर सांगून राह्यले ते करा, आन् आठ दिवसांनी फोटो टाका.’

या शेवटच्या वाक्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मेख तिथेच आहे. फोटो टाकायचा म्हटलं की माणूस कुंडीपाशी जातो, कुंडीपाशी गेला की बोट खुपसून माती पाहतो, माती कोरडी लागली की पाणी घालतो. घरची बरीच झाडं किडीने मरत नाहीत, मालकाने आशा सोडली की मरतात. एकदा कुंडी कोपऱ्यात सरकवली की तिच्याकडे घरातला कुत्राही पाहत नाही. काका कुंडी कोपऱ्यात जाऊ देत नाहीत, एवढीच त्यांची विद्या.

आपल्याकडच्या हवेचीही त्यांना साथ आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे सरकतो, पंचवीस मेच्या सुमारास नवतपा बसतो आणि चाफ्यासारखं झाड खुशाल नागडं उभं राहतं. नवखा माणूस चाफा गेला म्हणून ग्रुपवर सुतक पाळतो. काका ‘येईन’ म्हणतात. मृगाच्या दोन सरी पडतात आणि तो येतो. श्रेय काकांना. जास्वंदकाकू एका हिवाळ्यात लेकाकडे अमेरिकेत गेल्या आणि त्यांनी तिथून घरामागच्या मेपलचा फोटो पाठवला. गुडघाभर बर्फ आणि एकही पान नसलेलं झाड. सगळे बर्फ पाहत होते. काकांनी झाड पाहिलं. ‘येईन ना, बाप्पा! पानी कमी द्या.’ वसंतात मेपल फुटला. तेव्हापासून आपला सल्ला सातासमुद्रापार लागू पडतो, हे काका कुठल्याही चर्चेत घालतात. सरांनी पानगळीचं चक्र समजावून सांगितलं, तर म्हणाले, ‘हौ ना सर, तेच तर मी म्हनलो.’

काकांच्या धीराचे तोटेही ग्रुपने सोसले आहेत. एकदा जीवामृताची टूम निघाली. सुभाष पाळेकर आपल्याच विदर्भातले, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, तेव्हा अभिमानाचा मुद्दा होताच. कृती सर्वांना पाठ, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर बांधाची माती आणि दोनशे लिटर पाणी. आता हे एकरभर शेताचं माप. लिंबूवहिनींच्या फ्लॅटच्या गॅलरीत एकूण नऊ कुंड्या. त्यांनी ‘काका, जमेल का?’ एवढंच विचारलं. काकांना ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘जमीन ना, बाप्पा!’ वहिनींनी माप लहान केलं, पण उत्साह लहान केला नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरून चौकशी आली, चौथ्या दिवशी सोसायटीची बैठक बसली. वहिनींनी तिथूनच ग्रुपवर मदत मागितली. सरांनी आंबवण्याच्या प्रक्रियेत वास येणं कसं स्वाभाविक आहे, ते लिहिलं. जास्वंदकाकूंनी ‘बेसनाची भजी करून वाटली असती तर शेजारीही टिकले असते’ असं लिहिलं. काकांनी लिहिलं, ‘उरलेलं बादलीत भरून ठेवा, मी येऊन नेतो.’ आणि खरोखर नेलं, उन्हातान्हाचं, स्कूटरच्या पायाशी बादली धरून. वाटेत त्यांना सिग्नलवर बरीच मोकळी जागा मिळाली म्हणतात.

ग्रुपचा सण म्हणजे ब्रह्मकमळाची रात्र. पावसाळ्यात कोणाकडे तरी कळी टपोरते आणि जिल्हाभर जाग्रण लागतं. नऊ वाजता कळीचा फोटो, साडेनऊला त्याच कळीचा फोटो, दहाला पुन्हा तीच. दर फोटोला काका, ‘येईन ना, बाप्पा!’ सर दर वर्षी न चुकता सांगतात की हे खरं ब्रह्मकमळ नव्हे, खरं हिमालयात उंचावर होतं, आपलं हे निवडुंगाच्या कुळातलं, मूळ अमेरिका खंडातलं. दर वर्षी जास्वंदकाकू विचारतात, ‘मग सर, पूजा थांबवू का?’ दर वर्षी सर ‘तसं नव्हे’ म्हणतात. अकराच्या पुढे फूल उमलतं, वणीत आरती होते, उमरखेडात फोटो पोचतो, आणि सकाळी लोंबलेल्या फुलाच्या फोटोखाली काका शोकसभा होऊ देत नाहीत, ‘झोपलं बिचारं. तुम्हीबी झोपा.’

वानरांनी पपई फस्त केली की ‘पाव्हने जेवून गेले, पुन्यच हाये.’ गोगलगायींनी पालक चाटून पुसून नेला की ‘म्हनजे औषध मारलं नाई तुमी, छान.’ पुसदहून सरांनी एसटीच्या गाडीत चालकाच्या हाती धाडलेली कलमं यवतमाळच्या स्टँडवर उतरेपर्यंत माना टाकतात, तेव्हा काका ती स्वतः उतरवून घेतात, ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि फोटोखाली लिहितात, ‘प्रवासानं दमले.’

पण काकांच्या वाक्याला कुंपण आहे. ते कुठे घातलं आहे, हे आम्हांला २०१७ साली कळलं. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. दारव्ह्याच्या गुलाबवाल्या पोराने नेहमीप्रमाणे फोटो टाकला, मात्र गुलाबाचा नव्हे. वडलांच्या वावरातलं फोडलेलं बोंड होतं आणि आत अळी. ग्रुपवर कोणीतरी सवयीने काकांच्याच शब्दांत उत्तर दिलं. काकांनी नाही दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून ते दारव्ह्याला गेले आणि पोराच्या वडलांजवळ बसून आले. तिथे काय बोलणं झालं, ते ग्रुपवर कधी आलं नाही. पोरगा पंधरा दिवसांनी गुलाबाचा फोटो घेऊन परतला, तेव्हा त्याखाली पहिलं हिरवं पान काकांचं होतं.

काका मूळचे घाटंजीकडचे, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचे. मृगाचा पाऊस पडला म्हणून बी टाकायचं, मग पावसाने पंधरा दिवस तोंड फिरवायचं, उगवलेलं करपायचं आणि उसनवारी करून पुन्हा बी आणायचं. दुबार पेरणी त्यांनी लहानपणापासून पाहिली आहे. अशा घरात ‘येईन’ हा अंदाज नसतो, निर्णय असतो. येणार नाही असं म्हटलं तर धुऱ्यावर पुन्हा पाय कोण ठेवणार? वावरात हे म्हणण्याची किंमत भारी पडते, म्हणून तिथे ते जपून म्हणतात. कुंडीत गमावण्यासारखं फार काही नसतं, तिथे काका मनसोक्त उधळतात.

त्यापुढच्याच उन्हाळ्यात, २०१८ला, यवतमाळला पाणी पाजणाऱ्या निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ दाखवला. टँकरच्या मागे माणसं रात्र-रात्र जागली. प्यायला पाणी नाही तिथे झाडांचं नाव कोण काढणार? ग्रुप गप्प पडला. काकांनी तेव्हा एक फर्मान काढलं, ‘घरी एक झाड निवडा. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पानी त्याले. बाकीच्यांची माफी मागा. जूनमंधी पाहू.’ त्यानंतर निवडीवरून जी भांडणं झाली, त्याने ग्रुपमध्ये जीव आला. लिंबूवहिनींना लिंबू हवं होतं, सासूबाईंना तुळस. प्रकरण काकांपुढे आलं. ‘तुयस कोट्यात धरू नका, ते घरचं मानूस हाये’ असा निकाल लागला. सरांनी कमी पाण्यात टिकणाऱ्या झाडांची यादी दिली आणि स्वतः मात्र सर्वांत तहानलेलं नेचं निवडलं. कारण विचारलं, तर म्हणाले, ‘भावनिक.’ पुसदला पाण्याची तेवढी ओढ नसतानाही सरांनी यवतमाळकरांच्या बरोबरीने हा नेम पाळला, हे काकांनी आम्हांला नंतर सांगितलं. सरांनी सांगितलं नसतं.

काकांना झाडांतलं काही कळत नाही, हे ग्रुपवर सर्वमान्य होतं. सरांचं मत तर लेखी होतं. अशात एका एक एप्रिलला जास्वंदकाकूंनी एक फोटो टाकला. बैठकीच्या कोपऱ्यात हिरवंगार, पानोपान लकाकणारं झाड. खाली प्रश्न, ‘वर्षभरात एक पान नवं नाही. काय करू?’

सर धावले. पानांची चकाकी उत्तम म्हणजे पालाश भरपूर आहे. वाढ खुंटली याचा अर्थ मुळं कुंडीत गुंतली आहेत किंवा नत्र कमी पडतं आहे. कुंडी बदला, मातीचा सामू कळवा, आणि शक्य झाल्यास पानाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. वहिनींनी शेणखत सुचवलं. दारव्ह्याच्या पोराने ऊन कमी पडत असेल म्हटलं. सगळ्यांनी ‘येईन’ची वाट पाहिली. काका दोन मिनिटांत आले नाहीत, दहा मिनिटांतही नाही. वीसेक मिनिटांनी ‘टायपिंग…’ दिसलं.

‘हे येत नाई, बाप्पा. प्लास्टिक हाये. बुडाशी जोडाची खून दिसते. पन जातबी नाई, फडक्यानं पुसत जा.’

आणि लगेच खाली, ‘सर, सामू किती भरला ते कयवा.’