समसंबंध सोडवण्याची शास्त्रोक्त रीत

विधी प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या माझ्या भाचीसाठी हे नियम तयार केले आहेत. सातारा-सांगलीकडच्या इतर होतकरू वकिलांनीही लाभ घ्यावा, फी नाही.

नियम पहिला. परीक्षा कोणती, ते आधी बघावे. राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडणे हा गुन्हा समजावा. क्लॅटमध्ये चुकीपाठी पाव गुण जातो. तिथे हात आखडता घ्यावा.

नियम दुसरा. दोन शब्दांची जोडी दिसली की त्यांचा संबंध पूर्ण वाक्यात मांडावा. 'वेण्णा : माहुली' आले तर "नदीचं काहीतरी आहे" असे पुटपुटून भागत नाही. "वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते" असे म्हणावे आणि तेच वाक्य प्रत्येक पर्यायाला लावून पाहावे. 'वारणा : हरिपूर' बसते. 'कोयना : पाटण' बसत नाही, कोयना पाटणवरून जाते खरी, पण कृष्णेला भेटते कराडात. दोन पर्याय बसले तर वाक्य सैल आहे असे समजून ते आवळावे. क्रमही तपासावा. 'हरिपूर : वारणा' हा उलटा पर्याय घाईतल्या मंडळींसाठी मुद्दाम ठेवलेला असतो.

नियम तिसरा. अभ्यासाच्या खोलीत मामांना येऊ देऊ नये.

मामा म्हणजे माझे थोरले मामा, कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, मुक्काम सांगली. 'न्यायाधीश : निकाल :: वकील : ?' याचे अपेक्षित उत्तर 'युक्तिवाद'. मामा म्हणतात, 'तारीख'. वर पुरावा म्हणून बांधाचे आणि वारसनोंदीचे दावे एकेक करून सांगतात. "अहो आजोबा, पर्यायांत तारीख नाहीच आहे," असे भाचीने दाखवले, तर "पेपर काढणारा कधी कोर्टाची पायरी चढलेला दिसत नाही" हा शेरा मिळतो. खासगीत सांगतो, मामांचेच उत्तर बरोबर आहे. पण गुण पेपर काढणारा देतो आणि त्याला दोन शब्दांतला सगळ्यात सरळ, सगळ्यात निरस संबंध हवा असतो. जगाचा अनुभव परीक्षेपुरता गेटवर जमा करावा.

नियम चौथा. 2020पासून क्लॅट सगळी उताऱ्यांवर बेतलेली आहे. तिथे शब्दांच्या जोडीऐवजी अख्ख्या युक्तिवादाचा जोडीदार शोधावा लागतो. समजा उताऱ्यात म्हटले आहे, 'धरणातून पाणी सोडण्याआधी खालच्या गावांना कळवले पाहिजे.' यातले धरणही काढा, पाणीही काढा. उरते ते एवढेच: ज्याच्या निर्णयाने दुसऱ्याचे नुकसान होऊ शकते, त्याने आधी सांगावे. मग तासगावच्या बागाईतदाराने द्राक्षावर औषध फवारण्याआधी शेजारच्या मधमाश्या पाळणाऱ्याला सांगावे, हा पर्याय बरोबर. ज्या पर्यायात पुन्हा कालवा नाहीतर बंधारा दिसेल, तो बहुधा सापळा.

मुले त्या पाण्याबरोबर वाहत जातात. मामा तर थेट अलमट्टीला पोहोचतात. 2005 आणि 2019 असे दोन्ही महापूर घरात घेतलेल्या माणसासमोर 'विसर्ग' हा शब्द काढला की त्या दिवसाचा अभ्यास संपला. बैठकीच्या भिंतीवर पाणी चढल्याची खूण आहे. रंगारी आला तेव्हा मामांनी तेवढा पट्टा सोडून रंग द्यायला लावला. मामी अजून त्यावर बोलते.

नियम पाचवा. सातारकरांनी कंदी पेढ्यावरचा आणि सांगलीकरांनी भडंगावरचा प्रश्न शेवटी सोडवावा. भावना गुंततात.

नियम सहावा. विद्वत्ता आवरावी. न्यायदर्शनाच्या चार प्रमाणांत उपमान आहे. गवय न पाहिलेल्याला 'गाईसारखा असतो' एवढे सांगितले, तरी तो रानात त्याला ओळखतो. हे मी रंगून सांगितले. भाची म्हणाली, "येतं का हे परीक्षेला?" येत नाही. राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावणारे रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच, त्यांनी तरी कुठे मॉक टेस्ट दिली होती, हेही सांगून पाहिले. ती घड्याळ लावून बसली.

नियम सातवा. चालू घडामोडी वाचाव्यात. 18 ऑगस्ट 2025पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. सातारा-सांगलीची प्रकरणे आता तिकडे. या उत्तरावर भाची, पुस्तक आणि मामा तिघांचे एकमत झाले. मामांनी फक्त दुरुस्ती सुचवली, "तारीखच पडणार, पण एसटीचं भाडं कमी लागेल."